आपेरामोचा शुक्रवार

माझा धाकटा भाऊ आपेरामो याला लहानपणापासून एक गोष्ट धड ठरवता आली नाही. आईने झऱ्यावर पाण्याला धाडलं, तर अर्ध्या वाटेवरून परत यायचा आणि विचारायचा, "बादली आधी भरू की डबा?" पुढे ऑकलंडला मांसाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली. तिथे मुकादम सांगायचा आणि हा करायचा, म्हणून निभावलं. परत येताना एक जुनी जपानी पिकअप घेऊन आला, तीही म्हणे मित्राने निवडून दिलेली. लग्न तेवढं वेळेवर झालं, कारण ते लुपेने ठरवलं. चर्चच्या गायनात ती वरच्या पट्टीत गायची आणि हा खर्जात. एका शनिवारी प्रार्थना संपल्यावर तिने याला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या शेजारी उभं राहिलं की माझा सूर हलत नाही." झालं. तेव्हापासून दोघं एकाच बाकावर.

शनिवारी, कारण त्यांचा पंथ शनिवारचा विसावा पाळणारा. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत काम नाही, चूल नाही, पैशाला हात नाही. मी लग्नानंतर नवऱ्याच्या चर्चमध्ये गेले, रविवारवाल्या, त्यामुळे मला या भानगडीत पडायचं कारण नव्हतं. पण घर शेजारी, आणि आपेरामोला विचारायला दुसरं कोण होतं?

त्याच्या डोक्याची पुरती वाट लावली ती आमच्या बेटांच्या सरकारने. आधी हुकूम निघाला की आजवर उजवीकडून चालवलेल्या गाड्या सगळ्यांनी आता डावीकडून चालवायच्या. तेव्हापासून आपेरामो वळणावर आला की आधी स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघतो. त्यातून सावरतोय तोवर कॅलेंडरातला एक अख्खा शुक्रवारच उडवला. आम्ही गुरुवारी झोपलो आणि शनिवारी उठलो. आम्ही तारखेत एक दिवस मागे होतो, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बरोबरीने यायचं होतं म्हणे, व्यापारासाठी. मला काय, मी दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून चर्चला गेले. पण यांच्या पाळकाने बोटं मोजली. गुरुवारनंतर येतो तो शुक्रवारच, मग सरकार काही म्हणो. आणि ज्याला आता रविवार म्हणतात तोच आपला खरा शनिवार. आपेरामोने मान डोलावली. लुपेही वर्षभर त्याच्यासोबत गेली, पण तिचं मन लागेना. "भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवार लिहिलंय, सगळं जग शनिवार म्हणतंय, आणि मी मेली त्या दिवशी कपडे धुतेय," असं म्हणायची. सालेलोलोगाच्या बाजाराच्या वाटेवर एका गावात काही मंडळी भिंतीवरच्याच शनिवारी जमतात, तिकडे ती जायला लागली. आपेरामोच तिला पिकअपने सोडायचा. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या चर्चमध्ये एकटा बसून खर्ज लावायचा.

आता त्या मंडळींनी तिचं नाव कायमचं आपल्यात घ्यायचं ठरवलं होतं, येत्या शनिवारी. म्हणजे आपेरामोच्या चर्चमधून ते कटणार आणि त्या बाकावर ती पुन्हा बसणार नाही. आपेरामो कुणाला काही बोलला नाही, पण आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. आणि नेमकी शुक्रवारी सकाळी पिकअपची बॅटरी उतरली.

किल्ली फिरवली की नुसतं टकटक. ढकलूनही पाहिली, जीव धरेना. मग आपेरामो बसने सालेलोलोगाला गेला आणि दुपारी परतला तो असा, की बसच्या गर्दीत, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, हा एका जाड्या गृहस्थाच्या मांडीवर आणि याच्या मांडीवर नवी बॅटरी. अंगणात बॉनेट उघडलं. आधी काळी तार सोडवली, मग लाल. खाऱ्या वाऱ्याने टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसा खार चढला होता, त्यावर मी किटलीतलं गरम पाणी ओतलं. जुनी उचलली, नवी ठेवली, आणि लाल तार काही पोचेना. नव्या बॅटरीचं प्लस भलत्याच बाजूला होतं.

"दुकानदाराने विचारलं नाही का रे?"

"विचारलं ना. प्लस डावीकडे हवं की उजवीकडे. मी डावीकडे म्हणालो."

"कुणाच्या डावीकडे?"

"तेच तर, ताई. मी आत बसलोय असं धरून म्हणालो. तो गाडीसमोर उभा आहे असं धरत असेल तर?"

"मग तू पुढे येऊन उभा राहायचंस."

"दुकानात गाडी कुठे होती?"

त्याने बॅटरी फिरवून ठेवली. प्लस योग्य बाजूला आलं, पण मागच्या कडेला गेलं, आणि तार वीतभर कमी पडायला लागली. ओढतोय, सोडतोय, पुन्हा फिरवतोय. तिकडे लुपेने दोन दिवसांचं जेवण शिजवून ठेवलं, चर्चच्या पांढऱ्या पोशाखाला इस्त्री करून तो खुंटीला लावला आणि बाहेर आली. समुद्रावर सूर्य नव्हता.

"अहो, सूर्य बुडाला. ठेवा आता ते."

"माझा कुठे बुडालाय? माझा उद्या बुडेल."

"तुमचा केव्हा बुडायचा तेव्हा बुडो. माझ्या विसाव्यात माझ्यासाठी कुणी पाना चालवायचा नाही. पाप मला लागेल."

"मग सकाळी जाशील कशी? बसने?"

"बसला पैसे लागतात. मी पैशाला हात लावत नाही, माहीत आहे तुम्हाला." ती आत जायला वळली. "गाडी नाही तर नाही."

आपेरामोने पाना खाली ठेवला आणि बंपरवर बसून राहिला. मी त्याच्यासाठी कोको आणला.

"ताई, ही नाही बसवली तर ती उद्या जात नाही."

"मग नको बसवू. तुला तेच हवंय ना?"

"हवंय."

"मग झालं तर."

"पण मी मुद्दाम चुकीची आणली असं तिला वाटलं तर?"

"आणलीस का?"

"मला खरंच माहीत नाही गं. त्याने विचारलं तेव्हा डावं काय आणि उजवं काय, दोन्ही सारखंच वाटत होतं."

मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! साठीला आलेला माणूस, स्वतःच्या मनात काय आहे ते शेजाऱ्याला विचारतो. बायको हवी असेल तर आत जाऊन तिला म्हण, जाऊ नकोस. तेवढे दोन शब्द याच्या तोंडून निघेनात. मी कप उचलला आणि घरी आले.

सकाळी बॉनेटच्या आवाजाने जाग आली. जाऊन बघते तर लाल तार ज्या पट्ट्यांनी गाडीच्या अंगाला जखडलेली होती, त्या सगळ्या याने कापल्या होत्या. हवी होती तेवढी तार मोकळी झाली. त्याने आधी लाल आवळली, मग काळी, आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली.

"अरे, रात्री तर तुला ती जायला नको होती!"

"आजही नकोय," तो म्हणाला. "पण ताई, रात्रभर तो पोशाख खुंटीवर दिसत होता. तो घालून ती दिवसभर ओट्यावर बसून राहणार. मला नाही बघवणार."

लुपे टोपी घालून दारात उभी होती. "हे कधी केलंत?"

"आत्ता."

"आज शनिवार आहे."

"तुझा. माझा शुक्रवार आहे. मला काम चालतं."

"पण केलंत माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी कोण म्हणालं? ताईला तारो घेऊन बाजारात जायचंय. विचार हवं तर. जाता जाता तुला सोडू."

मला बाजारात जायचं नव्हतं. तारोचे कंद अजून जमिनीत होते. "हो तर," मी म्हणाले, "गोणी भरून ठेवलीय."

"वन्सं, खोटं बोलताय."

"माझा विसावा उद्या. आज मला चालतं."

घाईघाईने चार तारो उपटले, मातीसकट गोणीत कोंबले, आणि आम्ही निघालो. पुढे एकच आडवी सीट, मी दोघांच्या मध्ये, पायाशी गोणी. दोन गावं मागे पडल्यावर लुपे समोर बघतच म्हणाली, "काल रात्री मी देवाशी बोलले."

"काय?" आपेरामोने विचारलं.

"म्हटलं, माझं डोकं चालेनासं झालंय. कुठला दिवस तुझा, ते तूच सांग. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर समजेन, यांचाच दिवस खरा. उद्या जाऊन यांच्या शेजारी बसेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

आपेरामोने ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली, इंजिन चालू. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला. मागे बस येऊन हॉर्न वाजवायला लागली.

"अगं, पण ती देवाने नाही... ती मी..."

"माहीत आहे तुम्ही केलीत," लुपे म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "ज्याला मी जायला नको होते, त्याच्याच हातून गाडी सुरू झाली. मग देवाने आणखी काय सांगायचं?"

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले. पुढे म्हणाला तेव्हा आवाज इतका हळू होता, की मध्ये बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं.

"मग चल. तुला उशीर व्हायला नको."