दादाच्या दोऱ्यावरच्या गाठी

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत बसण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढले नव्हते. सगळे मेंढ्यांमागे गेले. चुकले तर सांभाळून घ्यावे. पण थोरल्या भावाविषयी कुठेतरी लिहून ठेवावे, असे फार दिवस मनात आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. प्राणिशास्त्राच्या तासाला सर म्हणाले, जिथे बारमाही ऊब आणि पाऊस, तिथे जीवांच्या जाती सर्वांत जास्त. थंडीकडे किंवा कोरड्या मुलखाकडे सरकावे तशा त्या कमी होत जातात. उदाहरणाला त्यांनी नगरकडचा माळ घेतला. वर्गात तिकडचा मी एकटाच. का कोण जाणे, मी मान खाली घातली.

सुटीत दादाला हे सांगितले. मेंढ्यांमागे चालता चालता तो हसला.

"तुझा मास्तर आलाय का कधी हिकडं?"

"नाही."

"मग बराच हुशार हाय."

बारा महिने खायला मिळाले तर पुष्कळ जाती एका जागी नांदतात, असे मी जमेल तसे समजावले.

"हे मातर खरं हाय. ज्याला उपास झेपतो, त्योच माळावर ऱ्हातो. पर कमी म्हंजी किती, ते मोजाया नगं व्हय?"

त्याने लोकरीचा एक दोरा कमरेला बांधला. नव्या जातीचे पाखरू, सरडा, किडा दिसला की एक गाठ. माळढोकाची गाठ त्याने मुद्दाम मोठी मारली.

पुण्याला परतल्यावर मी पत्र लिहिले. गावचे मास्तर त्याला वाचून दाखवत. 'आता आपल्याकडच्या देवळालीच्या बाजूला, पाटाच्या पाण्यावरच्या उसातही मोज. भादव्यातच जा, माळावरही तेव्हाच सर्वांत जास्त जीव असतात, म्हणजे तुलना नीट होईल.' दिवाळीआधी मेंढ्या पाटाकडे उतरवायच्या नाहीत, असा आमच्याकडे नेम होता. त्या दिवसांत तिकडे थंडीताप असतो. मला ते ठाऊक होते. पण कॉलेजात गेल्यावर असले नेम जुने वाटू लागतात.

दादा गेला. तिकडून त्याने कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतले:

'हिकडं लई जाती हायेत. तुझा मास्तर खरा ठरला. दोरा पुरंना. डासच तीन तऱ्हेचे हायेत, एक तर डोकं खाली नि ढुंगान वर करून बसतो. त्यांच्या गाठी धरायच्या का न्हाई, कळव.'

खोलीतल्या मित्रांना मी ते हसत हसत वाचून दाखवले. तसा बसणारा डासच थंडीताप आणतो, हे आमच्या पुस्तकात होते. त्या पानापर्यंत मी पोचलो नव्हतो. उलट टपाली मी लिहिले, 'डासही धर.'

मग काही आले नाही. मी खोली बदलली होती. परीक्षेमुळे दिवाळीला घरी गेलो नाही. पौषात जुन्या खोलीचे मालक एक कार्ड घेऊन आले. मरणाची बातमी असलेल्या कार्डाचा फाडतात, तसा त्याचा कोपरा फाडलेला होता. गावच्या मास्तरांचे अक्षर होते. दादा आश्विनात थंडीतापाने गेला. लढाईमुळे त्या तापावरचे औषध, कोयनेल, कुठे मिळाले नाही. दिवसकार्य उरकले. दोरा वहिनींनी जपून ठेवला आहे. शेवटच्या तीन गाठी त्याने अंथरुणात मारल्या.