हॉलमधली विजेची शेकोटी

गेल्या हिवाळ्यात आमच्या हॉलला आग लागली, आणि ती मी स्वतः रिमोटनं लावली होती.

झालं असं, की आमच्या आबांचा (म्हणजे माझे वडील, वय ऐंशीच्या पुढं, आवाज पौडच्या स्टँडवर ऐकू जाईल असा) खोकला काही केल्या हटेना. डॉक्टर म्हणाले, "आधी धूर बंद करा." आणि आबा तर दिवस मावळला की अंगणात लाकडं पेटवून बसणार! शेकोटी सोडा म्हटलं की उत्तर तयार, "मंग गुडघं काय तुज्या उपदेशावर शेकू?"

मी कासार आंबोलीतले वीकेंडचे बंगले सांभाळतो. त्यातल्या एका बंगल्यात मी विजेची शेकोटी पाहिली होती. काचेमागं लाकडं, लाकडांवर ज्वाळा आणि धुराचं नाव नाही! तश्शीच एक आणून हॉलच्या भिंतीला लावली. बायकोनं तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आबांनी लांबूनच अट घातली, "आज सांजच्याला बगतो. गुडघं शेकलं तर अंगणातली बंद. न्हाईतर ह्यो डबा परत."

प्रश्न आबांच्या खोकल्याचा होता आणि (खरं सांगतो) थोडा माझ्या अब्रूचाही. म्हणून शेजारचे तात्या आणि दगडूनाना यांना साक्षीला बोलावलं. आबांना पुढची खुर्ची दिली. दारं-खिडक्या लावल्या. रिमोटवरचं ज्वाळेचं चित्र असलेलं बटण दाबलं, आणि काय ज्वाळा उसळल्या म्हणता!

"लाकूड न्हाई, राख न्हाई, धूर न्हाई," मी सुरू झालो. "डोळं चुरचुरत न्हाईत. पायजे त्या खोलीत, पायजे तेवढी ऊब. लागतीया का?"

"लई!" तात्यांनी मफलर सोडला.

"लईच!" असं म्हणून नानांनी (तात्यांच्या मागं राहायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा) स्वेटर काढला आणि कपाळही पुसलं! मी शर्टाची वरची दोन बटणं सोडली. छाती इतकी फुगली होती की दुसरा इलाजच नव्हता.

नानांनी काचेला हात लावला. "आरं, काच तर गार हाय!"

"त्योच तर फायदा! पोराबाळांचा हात भाजत न्हाई."

"मंग ऊब कुटनं येतीया?"

"आतल्या आत फिरतीया," मी ठणकावलं. (बोलता बोलता मलाही ते पटलं.) आबा मात्र काही बोलले नाहीत. कानटोपी खाली ओढली आणि शाल गुडघ्यांवर घेतली. मला वाटलं, भारावले असतील.

तासाभरानं माझी मुलगी पल्लवी हिंजवडीहून कामावरून आली आणि दारातच कुडकुडली. "पप्पा, हॉल एवढा गार कसा?"

"गार? अगं, नानांना घाम फुटलाय!"

तिनं रिमोट हातात घेतला. "हे नुसतं ज्वाळांचं बटण आहे. देखाव्याचं. हीटरचं बटण खाली आहे, ते तुम्ही दाबलंच नाही!"

कुणी कुणाकडं बघेना. नानांनी हळूच स्वेटर चढवला, तोही उलटा. तात्या मफलर शोधायला लागले.

पल्लवीनं खालचं बटण दाबलं. जाळीतून गरम वारा सुटला. पाच-दहा मिनिटांत आबांनी शाल बाजूला टाकली, पाय लांब केले, कानटोपीही काढली. "हां! आता शेकलं गुडघं. उद्यापास्नं अंगणातली बंद."

मला इतका आनंद झाला की धूर नसताना डोळ्यांत पाणी आलं.

"पर आबा, गार लागत हुतं तर बोलला का न्हाई?"

"चार माणसांत पोराची शेकोटी गार हाय म्हनू व्हय? तोंड कसलं फुललं हुतं तुजं!"

आता आबांचा खोकला पुष्कळ कमी आहे, आणि संध्याकाळी आमचा हॉल भरलेला असतो. गावात लोक मला हसतात. खुशाल हसोत! हीटर बंद ठेवून दोन धडधाकट माणसांचे गरम कपडे उतरवणारा अख्ख्या मुळशी तालुक्यात मी एकटाच आहे!