तपासणी चालू आणि तोंडात लाडू

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझी मुक्ता नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यांत बुटकी. तिच्या शरीरात वाढीचं हार्मोन पुरेसं तयार होतं का, हे बघायला आज तिला जे. पी. नगरच्या एका दवाखान्यात नेलं होतं. उपाशीपोटी एक गोळी देतात आणि मग हाताला लावून ठेवलेल्या सुईतून थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहतात. गोळीने गुंगी येईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

सोबत माझ्या मोठ्या नणंदबाई होत्या, अक्का. मी जरा बाहेर जाऊन आले, तर मुक्ताच्या तोंडात बेसनाचा लाडू!

"लेकरू मान टाकत होतं गं. स्वल्प खाल्लं तर काय होतंय?" अक्का त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या.

काय होतंय? पोटात गोड गेलं की निकालावर भरवसा ठेवता येत नाही. तपासणी रद्द. आता पुन्हा उपास, पुन्हा सुई.

रिक्षात मी अक्कांकडे पाठ करून बसले. तेव्हा मुक्ता हळूच म्हणाली, "आई, आत्याला रागावू नको. लाडू मीच मागितला. सगळे म्हणतात ना, नीट खाल्लं की उंच होतात? मला वाटलं, मग रक्तात चांगलं येईल."

लिफ्टमध्ये, लग्नात, शाळेच्या गेटवर, भेटेल तो या पोरीला विचारतो, "खात नाहीस का गं?" हा प्रश्न आता बंद कराल का, प्लीज?