बिनडिंकाचं कपाट

माझ्या बायकोच्या मामांइतका लोकांचा खोळंबा करणारा सुतार साऱ्या लालबाग-परळात दुसरा झाला नाही. त्यांनी हातात घेतलेलं काम ठरल्या दिवशी पुरं झालं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शेजारच्या काकूंच्या मसाल्याच्या बरण्यांसाठी त्यांनी एक साधं फडताळ करायला घेतलं, तेव्हा काकूंच्या बरण्या महिनाभर जमिनीवर होत्या आणि घरातली माणसं त्या ओलांडून मोरीत जात होती. काकूंनी एकदा धीर करून विचारलं, तर मामा म्हणाले, "घाई कित्याक? मिरची खंय पळान जाताहा?"

उशीर व्हायचा तो खाचेपायी. फळीला फळी खिळ्याने जोडायची नाही, हे मामांचं व्रत होतं. उभ्या फळीत खाच पाडायची, आडवी फळी तिच्यात सरकवायची, आणि ती हाताच्या दाबाने बसली पाहिजे, हातोडीने नाही. यात प्लायवूडवर त्यांचा विशेष राग. दुकानदार जी जाडी सांगतो ती प्लायला कधीच नसते, असं ते म्हणत आणि मोजपट्टीला हात न लावता प्रत्येक फळी खाचेच्या जागी उभी धरून तिच्याच कडांवरून पेन्सिल ओढत. खाच पाडत ती केसभर अरुंद. मग फळी घासायची, बसवून बघायची, काढायची, पुन्हा घासायची. सगळं जुळलं की डिंक न लावता अख्खं फर्निचर नुसतं जोडून आठ दिवस उभं ठेवायचं. "लाकडाक जरा एकमेकांची वळख होऊ दे," हे त्याचं स्पष्टीकरण. डिंक लागायचा तो नवव्या दिवशी.

प्लायची कड उघडी दिसली की मामांना शरम वाटे. कडेचे ते थर लोकांना दिसणं म्हणजे माणसाला लेंग्याशिवाय लग्नाला नेणं, असं त्यांचं मत. त्या कडेत मधोमध बारीक खाच, सागाच्या पट्टीला त्या खाचेच्या मापाची जीभ, आणि दोन्ही अशा एकमेकांत बसवायच्या की अंगठा फिरवला तर सांधा लागता कामा नये. हा अंगठा फिरवण्याचा चाळा त्यांना कुठेही आवरत नसे. एकदा परळला आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. मामा आत शिरले ते थेट टीव्हीच्या शोकेसपाशी गुडघ्यांवर बसले आणि खालच्या कडेवर डोळे मिटून अंगठा फिरवू लागले. मामांना भरून आलं असं समजून, वारलेल्या माणसाची बायको नव्याने रडू लागली. मामांनी डोळे उघडले आणि माझ्या कानात सांगितलं, "खिळे मारल्यानी."

आमच्या लग्नात त्यांनी भाचीला कपाट द्यायचं कबूल केलं. ते आमच्या चाळीतल्या खोलीत उभं राहीपर्यंत दोन महिने गेले आणि तेवढे दिवस बायकोचे शालू खाटेखालच्या ट्रंकेत राहिले. मी तेव्हा मामांची यथेच्छ टिंगल केली. पण कपाट असं झालं की सतरा वर्षांत त्याचं एक दार कुरकुरलं नाही. बायको रोज सकाळी जाता येता त्याच्या कडेवर अंगठा फिरवी. हे तिच्या घराण्यातलंच खूळ, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग आमची चाळ पाडायची ठरली आणि आम्हाला शेजारीच उभ्या राहिलेल्या टॉवरात बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. घर मिळालं तशी आम्हाला अक्कलही जास्त फुटली. सजावट करणाऱ्या बाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावर पांढरी शुभ्र कपाटं दाखवली आणि जुनं काही आणू नका, शोभणार नाही, असं गोड आवाजात सांगितलं. बायको म्हणाली, "निदान मामाला विचारूया. तो जुन्या कपाटालाच वरून पांढरं करून देईल." मी म्हणालो, "म्हणजे आणखी दोन महिने." मामा एकदा येऊन गेले. नवीन काम त्यांनी मागितलं नाही. एवढंच विचारलं, "जावयबापू, कपाट नेतलात मा?" मी "हो तर" म्हणालो. बायको माझ्याकडे बघत राहिली.

भंगारवाला आला तो हातोडा घेऊन. पहिला घाव घालण्याआधी त्याने वरची फळी सहज ओढून पाहिली, तर ती त्याच्या हातात आली. मग दुसरी आली. पाव तासात सगळ्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा होता. "साब, इसमें तो कुछ चिपकाया ही नहीं," तो हसत म्हणाला. मीही हसलो. मामा डिंक लावायला विसरले, हा किस्सा मी टॉवरातल्या नव्या शेजाऱ्यांना महिनाभर रंगवून सांगितला. सगळ्यांना फार आवडला.

सत्यनारायणाच्या पूजेला मामा आले. प्रसाद घ्यायच्या आधी त्यांनी पांढऱ्या कपाटाच्या कडेवर अंगठा फिरवला आणि चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर तो अडला. "आपला कपाट खंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गावी पाठवलं. माझ्या."

त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "बरा केलात. न फोडता सुटला मा? तेका मी मुद्दाम डिंक लावूक नाय. ही चाळ आज ना उद्या पडतली ह्या माका तेव्हाच दिसत होता. अख्खा कपाट तुमच्या जिन्यात वळला नसता. म्हणान तसाच ठेवलंय, नंबर घालून. आता तुमचा घर कायमचा झाला. घेऊन येवा, मी जोडून डिंक लावतंय."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर मामा दर महिन्याला फोन करू लागले. कपाट इला काय? मी कधी पाऊस सांगितला, कधी टेम्पो मिळत नाही म्हणालो. त्यांनी डिंक आणून ठेवला, तो वाळला, त्यांनी दुसरा आणला. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती मी मामांवर रागावून भागवत होतो. गेल्या चतुर्थीच्या आधी त्यांचा फोन आला. गुडघे दुखत होते तरी गावी जाताना वाटेत माझ्या गावाला उतरायचं आणि तिथेच कपाट जोडून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिकीट काढलं होतं. पटाशी, रंधा पिशवीत भरला होता.

तेव्हा मी सांगितलं. भंगारात दिलं, असं सरळ सांगितलं.

मग मामांनी विचारलं, "तेका फोडूचा लागला काय?"

"नाही मामा. हातानेच सुटलं. एक फळी चिरली नाही."

"मगे बरा," ते हळूच म्हणाले. "खंयतरी कोणतरी जोडतलो. नंबर आसत तेच्यार."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. भंगारवाल्याकडे मी दोनदा जाऊन आलो, त्याला ते कपाट आठवतही नाही. आमच्या पांढऱ्या कपाटाची खालची पट्टी आता सुटली आहे. येता जाता मी ती अंगठ्याने दाबतो. तेवढ्यापुरती बसते, मग पुन्हा उठते.