आईचा जवळा आणि बाईंची भिंत

"आधी ही घाण उचल," किनारा सफाईच्या दिवशी बंगल्यातल्या बाई मला म्हणाल्या. "पाहुणे येतायत."

घाण म्हणजे माझ्या आईने सकाळी जुन्या जाळ्यावर पसरलेला जवळा, बारीक कोळंबी.

मी म्हणाले, "बाई, तो आमचा जवळा हाय. सुकत घातलाय."

बाई हसल्या. आमच्या कॉलेजच्या सरांना म्हणाल्या, "यांना वास येतच नाही बघा. जन्माची सवय."

सरही हसले. मग हळूच मला म्हणाले, "उचल गं. वाद नको."

माझ्या अंगात बाईंनी वाटलेला निळा टी-शर्ट. त्यावर 'किनारा वाचवा'. मी अकरावीत. मी उचलला. दोन्ही हातांनी. काळ्या पिशवीत, बाटल्या आणि वेफर्सच्या पाकिटांवर ओतला.

आई आली तेव्हा जाळं रिकामं होतं. तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली. जाळं झटकलं, घडी केली, गेली. घरी एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कोनी भरला असता तर मी भांडले असते."

तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते.

बाईंचा बंगला खाडीच्या तोंडाशी आहे. मी पाचवीत होते तेव्हा तिथे तिवरं होती, खारफुटीची झाडं. दाट. भरतीचं पाणी त्यांच्या मुळांत अडायचं. एका उन्हाळ्यात ती तोडली, भराव टाकला, दगडी भिंत उभी केली. आता उधाणाचं पाणी भिंतीवर आपटतं आणि वळून कोळीवाड्यात शिरतं. समुद्रही पूर्वीचा राहिला नाही. म्हातारेसुद्धा म्हणतात, असा आत कधी येत नव्हता.

जवळा टाकला त्यानंतरच्या पावसाळ्यात भर दुपारी पाणी आमच्या चुलीपर्यंत आलं. शेजारच्या बाळंतिणीला खाटेसकट उचलून देवळात नेलं. तिचं पोर थंडीने निळं पडलं होतं. वाचलं. पण मी ते बघितलं.

मग आम्ही पाच जण एकत्र आलो. तीन मुली, दोन मुलगे. प्रत्येक उधाणाला घरोघर जायचं, पाणी जिथपर्यंत चढलं तिथे भिंतीवर रेघ मारायची, फोटो काढायचा. ओहोटीला चिखलात तिवराची रोपं लावायची. पहिली वाहून गेली. दुसरी बंगल्याच्या नव्या भरावाखाली गाडली गेली.

पुढच्या वर्षी बाईंनीच मला स्टेजवर बोलावलं. तिवरं लावते म्हणून पर्यावरणदूत असा सत्कार. सर म्हणाले, "दोन शब्द बोल. गोड बोल."

मी माईक घेतला. म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या हातून माझ्या आईचा जवळा कचऱ्यात टाकलात. ती घाण नव्हती. तुमची भिंत तिवरांवर उभी आहे. तिच्यामुळे आमच्या घरात पाणी येतं. मला शाल नको."

माईक बंद झाला. मी बोलतच राहिले. पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो लावून तहसील कचेरीत भिंतीविरुद्ध अर्ज दिला. आठवड्याच्या आत माझ्या काकाची नोकरी गेली. काका त्याच बंगल्यावर वॉचमन होता.

तो घरी आला. उंबऱ्यावर बसला. मला हात जोडले. ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याने.

"बाय, अर्ज मागं घे. बाई मला परत घेतील. माज्या पोरांकडं बघ."

मी रडले. म्हणाले, "काका, अर्ज मागं घेतला तरी पानी येनारच. तुज्या घरान पन."

"तुज्या अर्जानं थांबंल?"

मी त्याचे जोडलेले हात सोडवले. बाई उद्या बंगला विकून जातील. आम्हाला जायला जागा नाही. काका त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. पाचातले दोघे घरच्यांच्या धाकाने गेले.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून साहेब पाहणीला येणार आहेत. सरपंच, सर, काका, सगळे बाईंच्या बाजूने उभे राहतील. आम्ही तिघं. भिंत पडेल असं मला वाटत नाही. पण साहेबांना नुसती भिंत बघून परत जाऊ देणार नाही. घराघरात नेणार. प्रत्येक रेघेवर त्यांचा हात ठेवायला लावणार. त्यांनी कागदावर लिहीपर्यंत मी वाट सोडणार नाही.