दीड दिवसाचा गणपती

आमचा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. म्हणजे भांडून भांडून दोघंही थकलो आणि वांद्र्याच्या कोर्टात सह्या केल्या. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती माझ्याकडे मुलुंडला राहणार, एकाआड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे बोरिवलीला जाणार आणि शाळेच्या प्रत्येक सुट्टीचा पहिला अर्धा भाग आईकडे, दुसरा वडिलांकडे, असं कागदात ठरलं. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि गणपती, सगळ्यांना एकच वाक्य.

चूक त्या वाक्यातच होती. शाळेला गणपतीची सुट्टी पाच दिवस, आणि त्याच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. पहिला अर्धा भाग संपेपर्यंत त्यांचं विसर्जन होऊन पाट रिकामा. वकीलबाईंच्या घरी गणपती बसत नसावा, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्याने तर वाचलंच नाही. लग्नातसुद्धा विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, सगळं मीच वाचायचे.

मी वाचलं होतं. वाचताना माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एक तरी गोष्ट त्याच्या हातून निसटली, याचा.

त्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला.

"परवा सकाळी लवकर येतो तिला न्यायला. मूर्ती आणायला ती हवी ना."

"कागद वाच," मी म्हटलं.

त्याने वाचला असावा. दहा मिनिटांनी परत फोन. "अगं पण आपला दीड दिवसाचा आहे!"

"आपला नाही. तुमचा."

तो भांडला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी फोन ठेवला आणि वळले, तर मुलगी फ्रीजपाशी पाण्याची बाटली घेऊन उभी. ती बाटली परत फ्रीजमध्ये ठेवून आत गेली.

मूर्ती घरात येताना पुढे झांज वाजवायचं काम तिचं होतं, चालायला लागल्यापासून. ताल कधी धरला नाही, पण झांज दुसऱ्या कोणाला मिळायची नाही. माझ्या माहेरचा गणपती गावी, काकांच्या घरी. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये नुसता टीव्ही. चतुर्थीला मी तिच्यासाठी मोदक करायला घेतले. उकड बिघडली, सगळे फुटले. ती म्हणाली, "चालेल गं," आणि दोन खाल्ले. मला इतका राग आला, आणि तो नेमका कोणावर काढायचा तेच कळेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कागदाप्रमाणे आला आणि तिला घेऊन गेला. सुट्टी संपल्यावर ती परतली, तेव्हा मी विचारलं, काय काय केलंस? "आजीने मोदक ठेवले होते. खा गो बाये, म्हणाली. थोडे कडक झालेले." मग म्हणाली, "मखर पण काढून टाकलेलं."

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी लिफ्टमध्ये होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अनंत चतुर्दशी करून आलेल्या, हातात प्रसादाची पिशवी. त्यांनी सहज तिला विचारलं, "काय गं, तुमच्याकडे बसतो का गणपती?"

"आमच्याकडे नाही बसत," ती म्हणाली. "पप्पांकडे बसतो. तो त्यांचा."

प्रसाद घेऊन ती नीट थँक्यू म्हणाली. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. फोनवर मी जे तोडून टाकलं होतं ते त्याचं आणि माझं होतं, असं मी धरून चालले होते. तिने तेच उचललं आणि स्वतःला त्यातून वजा केलं. मला लाज वाटली. मूर्तीसाठी नव्हे, मी कसली देवभोळी. तिचं एक घर मी सही करून कमी केलं होतं आणि वर खूश झाले होते.

पुढच्या वर्षी मीच फोन केला. "चतुर्थीला सकाळी ये. दीड दिवस तिकडे राहील, मग उरलेली सुट्टी माझी."

"पण कागदात..."

"कागद गेला खड्ड्यात. झांज शोधून ठेव."

बॅग भरताना मुलगी म्हणाली, "आई, हे कागदात चालतं का?" कागद असतो, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. "चालतं," मी म्हटलं आणि तिची वेणी जरा जास्तच घट्ट घातली. ती ओरडली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो तिला गेटपाशी सोडून गेला. तिचा घसा बसलेला, केसांत गुलाल, हातात सासूबाईंनी माझ्यासाठी दिलेला मोदकांचा डबा. लिफ्टमध्ये त्याच काकू. डबा बघून त्यांनी विचारलं, "अगं, तुमच्याकडे तर बसत नाही ना?"

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला विचारून द्यायचं, हे ती एव्हाना शिकली होती.

"बसतो," मीच म्हटलं. "बोरिवलीला. आमचा दीड दिवसाचा असतो."