छपराला भोक नको

धोंडूभाऊंचं डोकं फिरलंय, असं मी पहिल्यांदा म्हटलं ते त्यांनी शाळेची बस घरी आणली तेव्हा. मुलुंडच्या एका शाळेची ती छोटी बस त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. ते निवृत्त झाले, पाठोपाठ शाळेने बसही विकायला काढली, तर हा माणूस फंडाच्या पैशातून ती विकत घेऊन आला. घरी आणली म्हणजे आमच्या भटवाडीच्या टेकडीखाली रस्त्याकडेला उभी केली. वर चाळीपर्यंत रिक्षासुद्धा येत नाही, बस कुठली यायला.

मालन, म्हणजे त्यांची बायको, माझी शेजारीण. मधे एकच भिंत, आणि तीही अशी की तिच्याकडे फोडणी पडली की शिंका मला येतात. मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा नळाला हंडा कुठे लावायचा ते हिनेच दाखवलं. तेव्हापासून आमचं गूळपीठ. बसची बातमीही मला तिच्याकडूनच कळली. म्हणाली, "लता, ह्यांनी माझ्यासाठी बंगला घेतलाय. चाकांचा." एवढं बोलून ती हसली नाही, तेव्हाच मी ओळखलं की मामला साधा नाही.

मामला होता सुशांतच्या लग्नाचा. सुशांत त्यांचा एकुलता एक, अंधेरीला एका लॅबमध्ये कामाला. श्रुतिका नावाची गोड मुलगी त्याने स्वतःच शोधली होती, तुळशीचं लग्न उरकलं की यांचं करायचं असं ठरलंही होतं. पण घर म्हणजे एक खोली आणि वर वाकून चढायचा पोटमाळा. आम्ही सगळ्यांनी तसेच संसार केले, पडद्याआड, खोकला दाबत. त्याचं कौतुक सांगणाऱ्यांचा मला राग येतो. नव्या मुलीने ते का सोसावं? सुशांतने तर सरळ सांगितलं होतं, मी बदलापूरला भाड्याची खोली बघतो. ते ऐकल्यापासून मालनच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

म्हणून धोंडूभाऊंनी ही युक्ती काढली. बसमधली बाकं काढायची, आत पलंग, ओटा आणि एक कपाट बसवायचं, आणि नवराबायकोने फिरायला निघायचं. गणपतीला गावी मालवणात, मग कुठेकुठे, मुंबईत आलं की टेकडीखाली. खोली पोरांना. आरटीओचे खेटे घालून त्यांनी सगळं कायदेशीर करून घेतलं. आता फक्त मालनने हो म्हणायचं बाकी होतं.

मालनच्या अटी दोनच. पहिली अट पंख्याची. मुंबईचा माणूस एक वेळ उपाशी झोपेल, पण पंख्याशिवाय नाही. दुसरी तिने मालवणीत सांगितली, म्हणजे त्यावर चर्चा नव्हती. "छपराक भोक पाडलात, तर मी त्या गाडयेत पाय ठेवचंय नाय."

झालं, इथेच सगळं अडलं. पंख्याला वीज हवी, गाडी उभी असताना वीज सूर्याकडूनच घ्यायची, त्यासाठी छपरावर सोलर पॅनेल हवं, पॅनेल धरायला बोल्ट हवा आणि बोल्टला भोक. धोंडूभाऊंनी तिला परोपरीने समजावलं की भोकाभोवती रबर लावू, वरून सीलंट भरू, थेंब आत येणार नाही. तिने फक्त आमच्या चाळीच्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. आमचे पत्रे गळतात ते बोल्टपाशीच. दर मे महिन्यात ही बाई कमरेला पदर खोचून पत्र्यावर चढते, बोल्टाबोल्टाला डांबराची पट्टी चिकटवते, आणि जुलैत तिच्याच गादीवर टोप मांडून बसते. प्रत्येक कारागिराने तिला आजवर हेच सांगितलं होतं, की थेंब येणार नाही. तिचा कारागिरांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

यातून वाट काढली श्रुतिकाने. एका रविवारी ती होणाऱ्या सासरी आली, मालनच्या हातचे घावणे खाल्ले आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. परदेशात लोक अशाच घरगाड्यांतून फिरतात आणि पॅनेल चिकटवतात म्हणे. पॅनेलच्या चौकटीला ॲल्युमिनियमचे पाय जोडायचे आणि ते पाय छपराला चिकटवायचे. धोंडूभाऊ हसले. गोंदाने काय पॅनेल बसतं, म्हणाले, हे काय शाळेतलं क्राफ्ट आहे? तर ही मुलगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुमच्या बसची पुढची काच कशाने बसवलीय?"

त्या काचेमागे धोंडूभाऊंचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मागे काच फुटली तेव्हा नवी काच काळ्या चिकट गोंदाने बसवताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी खड्डे खाऊनही ती तसूभर हलली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते चेंबूरला त्या काचवाल्या माणिककडे गेले. माणिकने गोंदाच्या नळ्या दिल्या, गोंद दाबून काढायची बंदूक उसनी दिली, आणि छप्पर नीट साफ करून घ्या, एवढं बजावलं. गाडी साफ करायला मला शिकवू नकोस, असं सांगून हे परत आले.

आता मुहूर्त. धोंडूभाऊंच्या लेखी गाडीच्या कामाला दसऱ्यासारखा दिवस नाही. आयुष्यभर दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती बस धुतली, वरून शायनर मारला, अशी चकचकीत की शेजारून जाणाऱ्या बाईने भांग नीट करून घ्यावा. याही वर्षी धुतली. या वर्षी तर शिडी लावून छपरालाही शायनर मारला, हात भरून आला तरी थांबले नाहीत. मालन माझ्याजवळ कुजबुजली, एवढ्या प्रेमाने यांनी माझी पाठ कधी चोळली नाही.

दसऱ्याला गाडीला झेंडूचं तोरण, चाकांखाली लिंबं, समोर नारळ. मग बापलेक छपरावर चढले आणि गोंद लावून दोन पॅनेलांचे पाय दाबून बसवले. वायर आत आणायलाही भोक पाडलं नाही, मागच्या दाराच्या रबराखालून चपटी वायर घेऊन आतल्या बॅटरीला जोडली. मालन खाली उभी राहून बघत होती. दोन दिवस गोंद वाळू दिला. आत पंखा फिरला. सुशांतने खोलीला कोणता रंग द्यायचा याच्या गप्पा सुरू केल्या.

आणि मग आम्ही फेरी मारायला निघालो. धोंडूभाऊ चालवायला, शेजारी सुशांत, मागे पलंगावर मालन आणि मी. हायवेला लागलो, विक्रोळी आली, गाडीने जरा वेग घेतला तसं डोक्यावर काहीतरी धडधडू लागलं. कोणी वर नाचत असावं तसं. धोंडूभाऊंनी गाडी कडेला घेतली. उतरून पाहतो तर एक पॅनेल पुढचे दोन्ही पाय सोडून उभं राहिलेलं, मागच्या पायांवर कसंबसं तग धरून. अजून थोडं पुढे गेलो असतो तर ते उडून कुणाच्या तरी डोक्यात बसलं असतं. धोंडूभाऊ रस्त्याच्या कठड्यालाच टेकले.

सुशांत चिडला. चिडण्यासारखंच होतं. म्हणाला, "पप्पा, बस झालं हे. उद्या बोल्ट मारून टाका, नायतर विका गाडी. मी बदलापूरचं बघतो."

धोंडूभाऊंनी मालनकडे पाहिलं. मीही पाहिलं. बोल्ट म्हटलं की बाई गाडीत येणार नाही, बोल्ट नाही म्हटलं तर मुलगा जाणार. मला वाटलं, आता ही म्हणेल की विका. आमच्या बायकांना शेवटी तेच म्हणायची सवय असते.

पण मालन त्या दोघांकडे बघतच नव्हती. सुशांतने वर चढून पॅनेल उतरवलं होतं, त्याचा सुटलेला पाय तिने हातात घेतला होता. गोंद पायाला घट्ट धरून होता. छपराकडची त्याची बाजू मात्र गुळगुळीत, रंगाचा एक टवकाही नाही. तिने त्यावरून बोट फिरवलं, ते बोट अंगठ्यावर चोळलं आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, तेलकट कपाळार टिकली ऱ्हवता काय?"

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग धोंडूभाऊंचा चेहरा असा झाला की मला हसावं की रडावं कळेना. शायनर. ज्या छपराला गोंद धरायचा होता, त्यालाच त्यांनी दिवसभर घासून घासून तेलकट केलं होतं. माणिक साफ कर म्हणाला होता, आणि यांच्या मते चमकतं ते साफ.

"म्हणजे गोंद बरोबर आहे," मालन म्हणाली. "कपाळ पुसलं पाहिजे."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. इतके दिवस मी समजत होते की हिला जायचं नाही आणि भोकाचं नुसतं निमित्त आहे. नवऱ्याने एवढा आटापिटा केला, आता हिने थोडं पडतं घ्यावं, असंही मनात येऊन गेलं होतं. पण न जाणारी बाई हायवेच्या कडेला उभी राहून गोंद तपासत नाही. तिला जायचं होतं. तिला फक्त गळकं छप्पर पुन्हा नको होतं, आणि ते मागायचा तिला पूर्ण हक्क होता.

दोन्ही पॅनेलं उतरवून आम्ही हळूहळू परत आलो. दुसऱ्या दिवशी मालनने केमिस्टकडून स्पिरिट आणलं, जुन्या सुती साडीचे तुकडे केले आणि पदर खोचून शिडीवर चढली. सुशांत म्हणाला, आई, मी करतो. त्यावर, तुझ्या बापाने केलं तेवढं पुरे, असं उत्तर आलं. पाय जिथे बसणार ती एकेक जागा तिने फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसली, मग बारीक पॉलिशपेपरने खरवडली, परत पुसली. धोंडूभाऊ खालून फडकी देत होते आणि बोलणी खात होते. रस्त्याने जाणारे थांबून विचारत, काय चाललंय, तर मी सांगायचे, गाडीची टिकली लावतोय.

या वेळी पॅनेलांवर पाण्याने भरलेले कॅन ठेवले आणि चांगला आठवडाभर हात लावला नाही. धोंडूभाऊ रोज सकाळी खाली जाऊन नुसते बघून यायचे. मग एके दिवशी पॅनेलांना खबरदारीच्या दोऱ्या बांधून आधी हायवे. विक्रोळी गेली, भांडुप गेलं, मुलुंडच्या टोलनाक्यापासून मागे वळलो, वर चूं नाही की चां नाही. सुशांतने वर चढून पॅनेलला हिसके दिले तेव्हा बस हलली, पॅनेल हललं नाही. घरी आल्यावर त्याने श्रुतिकाला फोन लावला आणि लांब जाऊन बोलत बसला.

शेवटची परीक्षा पाण्याची. टेकडीखालच्या गाड्या धुणाऱ्याचा जोराचा पाइप धोंडूभाऊंनी मागून आणला. मालन आणि मी आत बसलो, बाहेरून त्यांनी छपरावर पाण्याचा मारा सुरू केला. काचांवरून धो धो पाणी, बाहेरचं काही दिसेना. मालन छताकडे बघत बसली होती, कुठे ओल उमटते का ते. तिने सगळे कोपरे हाताने चाचपले. हात कोरडाच. पाइप बंद झाला तरी ती बघतच होती.

मग म्हणाली, "लता, तू जरा बाहेर जातेस? मला बसू दे थोडा वेळ." मी उतरले. मागून दार लागलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

बाहेर धोंडूभाऊ भिजून चिंब उभे, हातात पाइप तसाच. काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ते पायरीवर बसले, उठले, परत बसले. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, त्यांचे कपडे अंगावरच वाळत आले तरी आतून काही हालचाल नाही. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी दार वाजवायला हात उचलला, पण त्याआधी खिडकीतून आत डोकावले, आणि तसेच उभे राहिले. मीही शेजारी जाऊन पाहिलं.

पंखा फिरत होता आणि त्याखाली मालन झोपली होती. उताणी, दोन्ही हात दोन बाजूंना टाकून, पाय सरळ लांब सोडून, तोंड थोडं उघडं. या बाईला मी कितीतरी वेळा झोपलेलं पाहिलंय. आमच्या चाळीत कोणाचं काही झाकलेलं नसतं. ती कायम मोरीच्या भिंतीला पाठ लावून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. आधी सासूसासऱ्यांना, दिरांना जागा व्हावी म्हणून, मग मुलाला. आता खोलीत तिघंच उरले होते तरी ती तशीच झोपायची. दिवसाढवळ्या झोपलेली तर मी तिला आजच बघत होते.

धोंडूभाऊ तिला जाग येऊ नये अशा हळू आवाजात म्हणाले, "लता, ही इतकी उंच आसा, ह्या माका ठावकच नाय होता."